तंबाखूच्या जागी काय लावावं? निपाणी भागातल्या एका प्रश्नाला सविस्तर उत्तर

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: निपाणीजवळचं गाव, घरची साडेतीन एकर जमीन, बहुतेक काळी आणि कोरडवाहू, विहिरीवर पाऊण एकर कसंबसं भिजतं. दोन पिढ्या विडीची तंबाखू. गावातल्या काही तरुणांनी गट केलाय, सगळ्यांना तंबाखू सोडायची आहे. पण वडीलधारी म्हणतात, "तंबाखूएवढे पैसे देणारं पीक दाखवा, मग बोला." असं पीक कोणतं, हे तुम्ही विचारलंय.

कागल, निपाणी, गडहिंग्लज या पट्ट्यात मी बरीच वर्षं शेतकरी गटांबरोबर काम करतोय. म्हणून आधी सरळ सांगतो: तुमच्या कोरडवाहू रानात तंबाखूच्या जागी एकटं उभं राहील असं पीक मला माहीत नाही. तसं कोणी सांगत असेल आणि सोबत रोपंही विकत असेल, तर जपून. तुमच्या वडिलांचा आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. ते "पैसे" म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात एकरी उत्पन्नाच्या पलीकडच्या बऱ्याच गोष्टी असतात.

तंबाखू तुमच्या घरात काय काय करते ते बघा. पाऊस ओसरायच्या सुमाराला लागण होते आणि पुढे जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर ती निभते. तिला गुरं, शेळ्या, रानडुकरं तोंड लावत नाहीत, त्यामुळे राखण नाही, कुंपण नाही. वाळवून ठेवली की भाजीसारखी दोन दिवसांत सडत नाही, भावासाठी थांबता येतं. पैसा एकरकमी येतो. आणि सगळ्यात मोठं म्हणजे तिच्यावर उचल (व्यापाऱ्याकडून आगाऊ रक्कम) मिळते. लागणीला, लग्नाला, दवाखान्याला व्यापारी रात्री दहा वाजतासुद्धा पैसे काढून देतो. सोयाबीनवर किंवा हरभऱ्यावर असं कोण देतं? गटाने शोधायचं ते या प्रश्नाचं उत्तर. पीक निवडणं त्यामानाने सोपं आहे.

म्हणून गटातल्या प्रत्येकाने पहिलं काम करायचं ते उचलीचा हिशेब लिहून काढण्याचं. किती घेतली, कधी घेतली, मागच्या हंगामात किती वळती झाली (मालाच्या पैशातून कापली गेली), माल कोणत्या भावाने धरला, वजनात घट किती लावली. बऱ्याच घरांत हे सगळं तोंडी असतं. उचल अंगावर असताना तंबाखू बंद केली तर व्यापारी लगेच पैसे मागतो, आणि ते फेडायला मग म्हैस विकावी लागते किंवा खासगी सावकार गाठावा लागतो. उचलीचा फास सोडवल्याशिवाय पीक बदललेली घरं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पुन्हा तंबाखूकडे वळलेली मी पाहिली आहेत. ज्यांची उचल मोठी आहे त्यांनी या हंगामात तंबाखू लावावी, माल घालून खातं मिटवावं आणि नवी उचल घेऊ नये. गटाने त्यांना कमी लेखू नये.

उचलीची जागा घ्यायला काय आहे? एक, विकास सेवा सोसायटी किंवा बँकेचं पीककर्ज. किसान क्रेडिट कार्डावर ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाला व्याज ७ टक्के, वेळेत फेडलं तर सवलत धरून ४ टक्के पडतं. त्यावर राज्य सरकारांच्या वेगळ्या सवलती आहेत, आणि त्या कर्नाटकात व महाराष्ट्रात सारख्या नाहीत. सीमाभागात अनेकांची जमीन एका राज्यात आणि घर दुसऱ्यात असतं, म्हणून जमीन जिथे आहे तिथल्या सोसायटीत विचारा. १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण लागत नाही. दोन, बचतगट किंवा तुमच्याच गटाचा फंड. दवाखान्याच्या रात्रीला सोसायटी कामाची नाही, तिथे हा फंडच लागतो. दरमहा थोडी थोडी रक्कम टाकून वर्षभर आधी तो उभा केलेला बरा. मी तर म्हणेन, नव्या पिकाचं बियाणं आणण्याआधी फंड सुरू करा.

भावाचंही थोडं समजून घ्या, कारण गटात हा विषय निघतोच. तंबाखू बोर्ड १९७५ च्या कायद्याने आलं, पण ते व्हर्जिनिया (सिगारेटच्या) तंबाखूसाठी. म्हैसूरकडच्या हुणसूर-पिरियापट्टणच्या शेतकऱ्याला तिथे लिलावाचा मंच तरी मिळतो. विडीच्या तंबाखूला असं काही नाही, व्यापारी आणि शेतकरी समोरासमोर. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी निपाणीत पुणे-बंगळूर रस्ता अडवला तो भावासाठीच, आणि त्या एप्रिलमध्ये पोलिसांच्या गोळ्यांनी शेतकरी मेले. तुमच्या गावातल्या म्हाताऱ्यांना हे चांगलं आठवत असेल. त्यांना तंबाखूचं प्रेम आहे असं समजू नका. एवढं सोसून जे पीक धरून ठेवलं, ते आता पोरं एका बैठकीत सोडायला सांगतात, हे त्यांना लागतं. त्यांच्याशी बोलताना हे मनात असू द्या.

आता हिशेब. तंबाखूचा एकरी आकडा लोक फुगवून सांगतात असं नाही, पण त्यात घरची मजुरी धरलेली नसते. एक वही घ्या आणि या हंगामात घरातल्या बायकांना लिहायला सांगा. तरवा (रोपांचा वाफा) टाकला, त्याला रोज पाणी घातलं, लागण, नांग्या भरल्या (मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावली), शेंडे खुडले, बगलेतले फुटवे काढले, पुन्हा फुटले, पुन्हा काढले, कापणी, वाळवताना उलथापालथ, दव पडल्यावर पहाटे उठून भरणं. शेंडे खुडताना हाताला जो काळा चिकट राप बसतो तो साबणाने निघत नाही. ओल्या पानातलं निकोटीन कातडीतून अंगात जातं. मळमळ, चक्कर, जेवण न जाणं हे त्यामुळे होतं. आमच्या भागात त्याला "तंबाखू लागली" म्हणतात आणि सोडून देतात. घरच्या माणसांचे हे सगळे दिवस गावातल्या मजुरीच्या दराने मांडले की तंबाखूचा नफा किती उरतो ते वडिलांना त्यांच्याच घरच्या वहीत दिसेल. माझ्या शंभर भाषणांनी जे होत नाही ते या वहीने होतं.

दुसरं म्हणजे तुलना वर्षाची करा. तंबाखूचं रान जून ते ऑगस्ट बहुधा मोकळं असतं, आणि माल निघेपर्यंत रब्बी हातची गेलेली असते. एका तंबाखूसमोर खरीप आणि रब्बी मिळून दोन पिकं ठेवा. मात्र ही दोन पिकं भारी, खोल काळ्या जमिनीत आणि परतीचा पाऊस बरा झाला तरच जमतात. मध्यम किंवा मुरमाड तुकड्यात दुसऱ्या पिकाची आशा धरू नका. तिथे खरिपाचं एकच पीक नीट घ्या. तुमच्या साडेतीन एकरांत कुठला तुकडा किती खोल आहे ते तुमच्या वडिलांएवढं कोणालाच माहीत नसणार.

पीक निवडताना सगळ्यात आधी एक गोष्ट तपासा, आणि हे मी जोर देऊन सांगतो: तुमच्या रानात बंबाखू आहे का? तंबाखूच्या बुडाशी जमिनीतून पिवळट, मांसल, बिनपानाचा कोंब वर येतो आणि त्याला निळसर-जांभळी फुलं लागतात, तोच. तो तंबाखूच्या मुळाला चिकटून तिचं अन्न खातो. त्याचं बी धुळीसारखं बारीक. एका झाडाला लाखावर बी धरतं आणि ते जमिनीत दहा-दहा वर्षं जिवंत राहतं. तंबाखू सोडली म्हणून बंबाखू सोडत नाही. टोमॅटो आणि वांगी ही तंबाखूच्याच कुळातली, त्यांच्यावरही तो चढतो. तंबाखू सोडणारा माणूस बहुधा पहिल्याच वर्षी टोमॅटोकडे जातो, कारण कोणाला तरी लॉटरी लागलेली त्याने पाहिलेली असते. बंबाखूच्या रानात ते करू नका. मुळावर गाठी करणारी सूत्रकृमी आणि मोझॅकचा विषाणूही तंबाखू, टोमॅटो, मिरची यांना सारखेच लागतात. तंबाखू मळून खाणाऱ्याच्या हातानेसुद्धा मोझॅक टोमॅटोच्या रोपाला जातो, म्हणून रोपवाटिकेत शिरताना साबणाने हात धुवायला लावा.

यावर उपाय पिकातच आहे. उडीद, मूग, तीळ, ज्वारी यांच्या मुळांतून जे स्रवतं त्याने बंबाखूचं बी उगवतं, पण त्याला या मुळांवर पकड घेता येत नाही आणि ते मरतं. म्हणून पहिली दोन वर्षं खरिपात उडीद किंवा मूग आणि त्यामागे शाळू (रब्बी ज्वारी), हा फेर मी सुचवतो. उडीद-मूग साधारण सत्तर दिवसांत निघतात, सप्टेंबरमध्ये रान मोकळं होतं आणि शाळू वेळेवर पेरता येतो. मालदांडी आहेच. भारी जमिनीला फुले वसुधा, फुले रेवती हे वाण आहेत. या फेराला तंबाखूइतके पैसे येतील असं मी म्हणत नाही. पण रान साफ होतं, भाकरीची सोय होते आणि कडबा मिळतो. कडब्याकडे मी पुढे येतो. दिसलेला बंबाखू मात्र फुलायच्या आत उपटा आणि जाळा. बांधावर किंवा उकिरड्यावर टाकलात तर शेणखताबरोबर तो साऱ्या शिवारात पसरेल.

बंबाखू नसेल तर सोयाबीन आणि मागे हरभरा हा रुळलेला मार्ग आहे. आपल्या भागात सोयाबीनवर तांबेरा हा बुरशीचा रोग येतो, म्हणून सांगलीजवळच्या कसबे डिग्रज संशोधन केंद्राचे फुले संगम (केडीएस ७२६) किंवा फुले किमया (केडीएस ७५३) हे वाण बघा. भावाबद्दल खोटी आशा दाखवत नाही. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल होता, पण बाजारात त्याखाली विकावं लागल्याची उदाहरणं अलीकडचीच आहेत. हमीभावाच्या केंद्रावर घालायचं तर नोंदणी वेळेत हवी आणि ओलावा १२ टक्क्यांच्या आत. गटात मिळून एक ओलावा मोजायचं यंत्र घ्या, फार महाग नसतं आणि केंद्रावरून ट्रॉली परत आणायची पाळी येत नाही.

आणि राखण. तंबाखूच्या रानाला कुंपण लागत नव्हतं, आता लागेल. भुईमूग आणि मका लावला की रानडुकरं येतात. एकट्याने गावाच्या टोकाला भुईमूग लावला तर साऱ्या शिवाराची डुकरं त्याच्याकडे. गटातल्या लोकांनी शेजारी-शेजारी रानं निवडावीत म्हणजे राखण वाटून घेता येते. हरभऱ्याच्या किंवा शाळूच्या कडेने करडईच्या दोन-चार ओळी घालायची जुनी रीत आहे. काट्यांमुळे मोकाट जनावर आत शिरत नाही आणि घरच्या तेलाची सोय होते.

तुतीचं आणि रेशमाचं नाव तुमच्या गटात कोणीतरी घेतलंच असेल. शेजारी तंबाखू असेल तर ते नको. तंबाखूचं निकोटीन तुतीच्या पानावर बसतं आणि असा पाला खाल्लेल्या अळ्या मरतात. तंबाखूपासून तुती निदान शंभर मीटर लांब असावी असं सांगतात, आणि तुमच्यासारख्या पट्टीपट्टीच्या रानांत एवढं अंतर मिळायचं नाही. सगळ्या शिवाराने तंबाखू सोडली तर हा विषय पुन्हा काढा.

विहिरीखालच्या पाऊण एकरावर ऊस लावावा असं घरात वाटेल. वर्षभर पाणी पुरत असेल आणि कारखाना जवळ असेल तर कोणी अडवणार नाही, पण मार्चमध्ये विहीर किती वेळ चालते ते आधी बघा. माझ्या मते ते पाणी वाटून वापरावं. थोडी हळद, कारण हळद शिजवून वाळवली की तंबाखूसारखीच टिकते, भावासाठी थांबता येतं, पैसा एकरकमी येतो आणि सांगलीची पेठ जवळ आहे. वडिलांना तंबाखूतलं जे आवडतं ते बरंच तिच्यात आहे. सूत्रकृमीचा त्रास असेल तर हळदीच्या आधी त्या तुकड्यात झेंडू घ्या, त्याची मुळं सूत्रकृमी कमी करतात आणि दसरा-दिवाळीला फूल विकतं. उरलेल्या पाण्यावर हिरवा चारा.

तंबाखूच्या घरात चारा नसतो, ही जनावरांच्या धंद्यातली पहिली अडचण. तंबाखूचं धाट जनावराला घालता येत नाही आणि कडबा विकत घ्यावा लागतो. विकतच्या चाऱ्यावर दुधाचा धंदा केला तर डेअरीचं बिल चारावाल्याकडे जातं. म्हणून एक हंगाम आधी शाळूचा कडबा आणि संकरित नेपियर गवत, मग म्हैस. बागायती दहा गुंठे नेपियर एका मोठ्या जनावराच्या हिरव्या चाऱ्याला साधारण पुरतं. एका दुभत्या म्हशीला दिवसाला २० ते २५ किलो हिरवा आणि ५ ते ६ किलो वाळला चारा धरा, शिवाय पेंड आणि खनिज मिश्रण. कर्जावर चार मुऱ्हा म्हशी एकदम आणू नका. एक आणा, ती आटायच्या बेताला दुसरी आणा, म्हणजे दूध वर्षभर राहतं. आपल्या हवेला आणि वाळल्या चाऱ्याला पंढरपुरी म्हैस चांगली निभते, दूध मुऱ्हापेक्षा कमी असलं तरी खाणंही कमी. कोल्हापूर भागात म्हशीच्या दुधाला जी मागणी आहे ती महाराष्ट्रात फार कमी ठिकाणी असेल. तिथल्या कट्ट्यावर लोक समोर पिळलेलं दूध उभ्याने पितात. तुमच्या गावात कोणत्या संघाचं संकलन आहे आणि फॅट-एसएनएफवर (दुधातली स्निग्धता आणि बाकीचे घन पदार्थ) काय दर पडतो, ते आधी शेजाऱ्याच्या दहा-दहा दिवसांच्या बिलांवरून बघा.

दुधाचं खरं महत्त्व असं की त्याचं बिल ठरलेल्या दिवशी येतं. उचलीशिवाय घर चालवायचं तर हा नियमित पैसा लागतो. ज्यांना म्हैस झेपत नाही त्यांना शेळ्या: उस्मानाबादी, चार-पाच माद्यांपासून. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची आणि सांगितलेल्या वेळी पीपीआर या साथीच्या रोगाची लस चुकवू नका. रोग शिरला तर लस न टोचलेला कळप पंधरा दिवसांत संपू शकतो.

बाजाराचं थोडक्यात. महाराष्ट्रात बाजार समित्यांतून शेतमाल तारण योजना आहे. सोयाबीन, हरभरा, हळद असा माल गोदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. तंबाखू घरात ठेवून भावाची वाट बघायची तुमची सवय इथे उपयोगी पडते. कर्नाटकाच्या बाजूला असाल तर तिथली बाजार समिती आणि सोसायटी काय देते ते विचारा. केंद्राचा पीक विविधीकरण कार्यक्रम २०१५-१६ पासून तंबाखू पिकवणाऱ्या दहा राज्यांना लागू केला गेला, त्यात कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्ही आहेत. प्रात्यक्षिकं, अवजारं असं त्यातून मिळू शकतं. निधी दर वर्षी सारखा नसतो, म्हणून कर्नाटकात रयत संपर्क केंद्रात किंवा महाराष्ट्रात तालुका कृषी कार्यालयात एप्रिल-मेमध्येच गटाचा अर्ज द्या. शेतकरी उत्पादक कंपनी काढायची घाई मात्र नको. दोन हंगाम एकत्र माल विकून बघा. वजन, प्रत आणि पैशाच्या वाटपावर भांडण न होता ते झालं, तर कंपनीचा कागद करायला वेळ लागत नाही.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नव्हती. तंबाखू कमी झाली की खुडणीला आणि वखारीत जाणाऱ्या बायकांचा रोजगार जातो, आणि त्यांच्यातल्या बहुतेकींच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही. गटाच्या बैठकीला त्यांना बोलवा. शेळ्यांचं कर्ज, भुईमूग फोडणं, हळद शिजवणं-पॉलिश करणं ही कामं कोणाला मिळणार हे आधी ठरवा. नाहीतर गाव तंबाखूतून बाहेर पडेल आणि या बायका ऊसतोडीला किंवा शहरात जातील.

पहिल्या वर्षी तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त रान बदलू नका. उचल फिटलेल्या घरांनी सुरुवात करावी, बाकीच्यांनी त्यांचा हिशेब बघावा. मला पुढचं सांगायला तुमच्याकडून चार गोष्टी लागतील: प्रत्येक तुकड्याचा माती परीक्षणाचा अहवाल, मार्चअखेर विहिरीची मोटर किती तास चालते, मागच्या दोन वर्षांत कुठल्या रानात बंबाखू दिसला, आणि गटात किती जणांच्या अंगावर किती उचल आहे. शेवटची माहिती इथे उघड लिहू नका, नावं न घेता फक्त बेरीज सांगा. ती आली की कोणत्या तुकड्यात काय, हे तुकड्यागणिक लिहून देतो.